चेंडू खाली पडेपर्यंत

आयुष्यात मी एकच सौदा हरलो, आणि तोही एका माणसाच्या पायाशी.

मी जीन-लगाम शिवणारा. दुसऱ्याच्या दुकानात मेणाचा दोरा ओढत मोठा झालो आणि हात बसल्यावर त्याच गल्लीत, त्याच्या बरोब्बर समोर, स्वतःचं दुकान टाकलं. पुढे महाराजांच्या पागेतलं काम माझ्याकडे आलं. गिऱ्हाईक उंबऱ्याशी कसं थांबतं यावरून ते किती ताणणार हे मी ओळखत असे. त्या सकाळी उंबऱ्याशी जो थांबला त्याचा मात्र मला काहीच अंदाज येईना. अंगात कॉलेजच्या पोरांसारखा काळा कोट, खाली चौकड्यांची रेशमी लुंगी, डोक्याला गुलाबी रुमाल, खांद्यावर पत्र्याची पेटी. चेहऱ्यावरून मी त्याला चिनी समजलो आणि खुणा करून विचारलं, काय पाहिजे. त्याने तोंड उघडलं आणि अस्सल रत्नागिरीची मराठी बाहेर पडली. दुकानावरचा माळा भाड्याने द्याल काय, म्हणाला.

मी नेहमीप्रमाणे भाडं चढवून सांगितलं. त्याने घासाघीस केली नाही. पेटी खाली ठेवली आणि तिच्यातून वेताने विणलेला एक पोकळ चेंडू काढला, साधारण बेलफळाएवढा.

"बघा हां चाचा. हा खाली पडला तर तुमचा भाव. नाय पडला तर माझा."

किती वेळ, मी विचारलं. तुमच्या हातातलं काम होईपर्यंत, तो म्हणाला.

माझ्या हातात एक लगाम होता. मी मुद्दाम सावकाश शिवायला लागलो. चेंडू त्याच्या पावलावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून घोट्यावर, तिथून पाठीमागे टाचेवर आणि टाचेवरून डोक्यापलीकडून पुन्हा पुढे. दुकानाचं छत बुटकं, म्हणून डोक्याच्या वर तो वीतभरही जात नव्हता. आणि हा माणूस चेंडूकडे बघतसुद्धा नव्हता. पाणी कुठल्या विहिरीचं, माळा गळतो काय, सकाळी किती वाजता हातोडा सुरू होतो, असं विचारत होता. लगाम संपला तेव्हा मी लगेच दुसरा घेतला. त्याने ते पाहिलं आणि हसला. दुसरा लगाम अर्धा झाला तेव्हा दुकानापुढे सगळी गल्ली जमली होती आणि माझ्या हातातली आरी थांबली होती. मी म्हणालो, पुरे, वर जा. आतल्या दाराच्या पडद्याआड माझी बायको मोठ्याने हसली. ते हसणं मी तिला अजून माफ केलेलं नाही.

त्याचं नाव मौंग पो. गल्लीने दोन दिवसांत त्याचं मंगू केलं, आणि पुढे सगळं कोल्हापूर त्याला मंगू ब्रह्मी म्हणायला लागलं. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला आणून रत्नागिरीत ठेवलं, तेव्हा त्याच्याबरोबर जी नोकरमाणसं आली त्यांत मंगूचा बाप होता. राजावर छत्री धरणं हे त्याचं काम. मंगू तेव्हा आईच्या अंगावर पीत होता. "माझा बाप अजून छत्री धरतो, चाचा," तो म्हणायचा. "राजा उन्हात जात नाय, तरी धरतो." ह्या मुलाने शिकावं म्हणून बापाने त्याला घाट चढवून कोल्हापूरच्या कॉलेजात पाठवलं. मंगू शिकत होता, पण शिकण्यासाठी आला नव्हता. कॉलेजात फुटबॉल खेळतात असं त्याने ऐकलं होतं, म्हणून आला होता.

त्यांच्या देशात वेताच्या चेंडूचा जो खेळ आहे त्याची गंमत त्याने मला सांगितली, तेव्हा मला ती पटली नाही. सहा जण गोल उभे राहतात आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही. बस. मी विचारलं, मग हरतं कोण?

"कोणच नाय हरत. चेंडू पडला तर सगळ्यांचाच पडला."

आमच्या गावात असा खेळ कुणाला सांगायची सोय नव्हती. कोल्हापूर म्हणजे कुस्ती. दोघे मातीत उतरतात आणि एकाची पाठ जमिनीला लागते. माझ्या धंद्यातही तेच. हरणारा कोणी नसेल तर सौदा झाला हे कळायचं कसं?

कॉलेजात मंगूला जे मिळालं ते ऐकून मी हातातलं काम फेकलं होतं. महाराजांनी त्या काळात जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. मोठं काम होतं ते. माझा पुतण्या त्यातल्याच एका बोर्डिंगात राहून शिकला. पण फुटबॉलच्या कप्तानाने त्याचा भलताच हिशेब केला. रुसवेफुगवे नकोत म्हणून तो ह्या बोर्डिंगचे चार, त्या बोर्डिंगचे तीन, अशी वाटणी करून संघ भरायचा. मंगू विचारायला गेला तेव्हा कप्तानाने वहीतून वर न बघता विचारलं, तुम्ही कुठल्या बोर्डिंगचे? मंगू म्हणाला, दस्तगीर जीनवाल्यांच्या माळ्यावरचा. पोरं हसली. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. वाटणीत त्याच्यासाठी रकाना नव्हता, एवढंच. दोन वर्षं तो मैदानाच्या कडेला उभा राहिला आणि बाहेर आलेला चेंडू पायाने आत टाकत राहिला.

मी चिडायचो. भांड, म्हणायचो, नाहीतर मी येऊन भांडतो. तो अंगठ्याने गुडघा चोळत म्हणायचा, "चेंडू बाहेर येतोच कधीतरी, चाचा. आपण उभं राहायचं."

त्याला नुसतं खेळायचं नव्हतं, खेळून पोट भरायचं होतं. हे त्याने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी थक्क झालो, कारण चेंडू लाथाडण्याबद्दल कुणी कुणाला पगार देतं हे मी ऐकलं नव्हतं. पण पहिलवानाला खुराक मिळतो की नाय, त्याने विचारलं. मुंबईत एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाने फुटबॉलचा संघ पाळला होता, संस्थानिकांनी पहिलवान पाळावेत तसा. खेळाडूला गिरणीत नावाला काम, पगार खेळण्याचा. आणि तो साहेब गावोगावी संघ घेऊन फिरायचा, चांगला पाय दिसला की उचलायचा. मंगूकडे वेळ थोडा होता. त्याच्या मामाने रंगूनला तांदळाच्या गिरणीत कारकुनी ठरवून ठेवली होती. वर्ष संपलं की बोटीत बसायचं, असा बापाचा हुकूम होता.

आणि तो साहेब कोल्हापूरला यायचं ठरलं, कॉलेजच्या संघाशी सामना खेळायला.

आता इथे माझा धंदा कामाला आला. कॉलेजचे चेंडू मी शिवत असे. आतला रबरी फुगा मुंबईहून यायचा, वरचं कातडं माझं. सामन्याचा नवा चेंडू माझ्या फळीवर तयार होता. कप्तान न्यायला आला तेव्हा मी म्हणालो, चेंडू माझ्याकडे आणि मैदान तुमच्याकडे, बोला. त्याला आधी कळेना. कळलं तेव्हा तो लाल झाला. म्हणाला, मंगू अनवाणी खेळतो, साहेबापुढे शोभेल का? मी म्हणालो, बूट असले तर घ्याल? तो घाईघाईत हो म्हणाला, आणि सौद्यात घाईने हो म्हणणारा माणूस माझा झालेला असतो.

मी मंगूच्या पायाचं माप घेतलं. इतके पाय पाहिले, घोड्यांचेही आणि माणसांचेही, पण असा पाय नाही. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे तुम्हाआम्हाला नुसतं हाड असतं, तिथे खुरासारखं घट्ट कातडं होतं. पहिले बूट मी विलायती नमुन्याचे केले. ते घालून तो बदकासारखा चालला आणि माझी बायको पुन्हा हसली. मग मी बकऱ्याचं सगळ्यात पातळ कातडं काढलं आणि मोज्यासारखे बूट शिवले. कातडं कुठे संपतं आणि पाय कुठे सुरू होतो हे दिसू नये असे. त्याने ते घालून चेंडू घोट्यावर घेतला, दोनदा उडवला, आणि प्रथमच बोलायचा थांबला.

तरी माझं समाधान होईना. माल कितीही चांगला असला तरी भोवती गर्दी नसेल तर गिऱ्हाईक भाव देत नाही, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. म्हणून मी आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद, केरबा वस्ताद, यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, सामन्याला तुमचे पठ्ठे घेऊन या. हलगी आणा. मंगूच्या नावाने असं ओरडा की साहेबाच्या कानात बसलं पाहिजे. वस्ताद मंगूवर जीव टाकायचे. एकदा त्यांनी त्याला आखाड्यात चेंडू उडवताना पाहिलं होतं आणि म्हणाले होते, ह्या पायाला डाव शिकवायला पायजे. ते लगेच तयार झाले. मी निघताना त्यांनी विचारलं, "दस्तगीर, ह्यात चीत कशी धरायची रं?"

मला पागेत जायची घाई होती. मी पायरी उतरता उतरता म्हणालो, कळेल तुम्हाला. आपला वर, त्यांचा खाली, झालं.

सामना दुपारनंतर सुरू झाला. एका बाजूला खुर्च्यांवर साहेब, कॉलेजची मंडळी, आणि साहेबाच्या मागे त्याचा कारकून. दुसऱ्या बाजूला वस्ताद आणि त्यांचे तीसचाळीस पहिलवान, फेटे बांधून, अंगाला तेल लावून आलेले. मी कारकुनाच्या शेजारी जागा धरली. माझं लक्ष खेळाकडे नव्हतं, साहेबाच्या मानेकडे होतं. कप्तानाने मंगूला डाव्या कडेला टाकलं होतं, जिथे चेंडू कमी जातो. पण ज्या ज्या वेळी गेला त्या त्या वेळी साहेबाची मान थोडी पुढे आली. मी कारकुनाशी बोलणं सुरू केलं. खोली मिळेल ना, दिवाळीला गावी सोडाल ना. कारकून म्हणाला, आधी साहेबाला पसंत पडू द्या.

दोन्ही बाजूंचा एकेक गोल झाला होता आणि वेळ संपत आली होती. मंगूला मध्यावर चेंडू मिळाला. तो दोघांमधून सुईसारखा निघून गेला. पुढे त्यांचा सगळ्यात मागचा खेळाडू होता, तांबड्या दाढीचा, सहा फुटी गोरा. मंगूने चेंडू टाचेवर घेतला आणि स्वतःच्या डोक्यावरून पुढे टाकला, पहिल्या दिवशी माझ्या दुकानात टाकला होता तसाच. गोरा वर बघत मागे सरकला, त्याचा पाय अडखळला, आणि तो दोन्ही खांद्यांवर धाडकन उताणा पडला. मंगू त्याला ओलांडून गेला. पुढे फक्त गोलवाला आणि तोही भलत्या बाजूला. साहेब खुर्चीतून उठला. कारकून माझा हात धरून म्हणाला, साहेब विचारतायत, हा कोणाचा?

मी "माझा" म्हणालो, आणि त्याच क्षणी समोरून आवाज आला, "चीऽऽत!"

तीसचाळीस पहिलवान मैदानात घुसले. हलगी कडाडली. सगळ्यांत पुढे वस्ताद. मंगूने लाथ मारायला पाय मागे घेतला होता, तो पाय तसाच हवेत असताना त्यांनी मंगूला उचललं आणि खांद्यावर घेतलं. एकाने त्याच्या डोक्यावर फेटा चढवला, दुसऱ्याने गुलाल उधळला. पंच शिट्टी फुंकत होता आणि ती कुणाला ऐकू येत नव्हती. चेंडू आपल्या वेगाने थोडा घरंगळला आणि गोलाच्या दोन हात अलीकडे थांबला. मी तो पाहिला. नवा, माझ्या हातचा, गुलालाचा एक शिंतोडा पडलेला. गोलवाल्याने येऊन तो उचलला.

मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. गोरे खेळाडू एकमेकांना धरून घोळका करून उभे राहिले होते, त्यांना वाटलं दंगा झाला. साहेबाने टांगा बोलावला आणि तो सरळ स्टेशनच्या रस्त्याला लागला. मी टांग्यामागे धावलो. कारकुनाने मागे वळून हात हलवला, नको, नको, असा.

मिरवणूक पेठेतून निघाली. त्या सगळ्या मिरवणुकीत आम्ही हरलो हे जाणणारे दोघेच होते. एक मी, गर्दीत धक्के खात चाललेला, आणि दुसरा वर खांद्यावर. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो आता रडेल, आता ओरडेल, आता उडी टाकेल, असं वाटत होतं. तो दोन्ही हात जोडून प्रत्येक दारातल्या माणसाला नमस्कार करत होता. बायकांनी ओवाळलं. वस्तादांनी स्वतःच्या हाताने पेढा भरवला, तो त्याने खाल्ला.

दिवे लागायच्या वेळी तो दुकानात आला. मी कातडं कापायची रापी हातात घेऊन तालमीत निघालो होतो, जे पुन्हा शिवता येणार नाही ते आज कापणार होतो. तो दारात आडवा उभा राहिला. गालावर गुलाल, डोक्यावर फेटा.

"वस्तादांना काय बोलू नका, चाचा. त्यांचा चेंडू अजून वर आहे. तुम्ही पाडू नका."

मी म्हणालो, तुझा पडला त्याचं काय? तो म्हणाला, माझं मी बघतो. त्याने माझ्याकडून तसा शब्द घेतला. इतक्या वर्षांत बदल्यात काही न घेता मी दिलेला तो एकच शब्द, आणि पहिल्या दिवशीच्या सौद्याप्रमाणे ह्यालाही मी हो कसं म्हणालो ते मला कळलं नाही.

परीक्षा झाल्यावर तो गेला. मुंबईहून बोट आहे, म्हणाला. बायकोने त्याच्याबरोबर भाकरी आणि झुणका बांधून दिला आणि पडद्याबाहेर येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पातळ कातड्याचे बूट त्याने फळीवर नीट पुसून ठेवले होते. स्टेशनवर मी त्याला म्हणालो, तू भांडायला शिकला असतास तर. त्याने नेहमीसारखं हसून खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझा हात धरून ठेवला. गाडी हलली तेव्हा सोडला.

त्यानंतर वर्षभर मी तालमीची पायरी चढलो नाही. वस्ताद रस्त्यात भेटले तर मी दुसऱ्या बाजूने जायचो. त्यांनी कधी कारण विचारलं नाही. मला तेही खटकायचं. माणसाचं आयुष्य उधळून वर विचारायचं नाही, आणि नव्या पठ्ठ्यांना ती कुस्ती रंगवून सांगायची. शब्द दिला होता म्हणून मी गप्प होतो, पण राग मी नीट तेल लावून जपला होता.

मग एक दिवस तोच कारकून माझ्या दुकानात आला, गिरणीच्या यंत्रांना कातडी पट्टे हवेत म्हणून. त्याने मला ओळखलं. मीच मंगूचं नाव काढलं. तो म्हणाला, आला होता तो आमच्या फाटकाशी. तीन दिवस उभा होता. अनवाणी, वेताचा चेंडू उडवत. सुटी झाली की कामगारांची ही गर्दी. साहेबाची गाडी रोज तिथून जायची. पहिल्या दिवशी साहेबाने पाहिलं आणि म्हणाला, हा त्या दंगेखोर गावातला. पुढचे दोन दिवस त्याने मानही वळवली नाही. चौथ्या दिवशी तुमच्या मंगूने मला गोदीचा रस्ता विचारला आणि गेला.

पट्ट्यांचा भाव ठरायचा होता. मी कारकुनाला तसंच बसवून ठेवलं आणि अनवाणीच तालमीत गेलो.

वस्ताद आखाड्यात उतरून तांबडी माती उलथत होते. मातीत ताक आणि हळद घातली होती, त्याचा वास दारापर्यंत येत होता. पठ्ठे विहिरीवर गेले होते. मला बघून ते म्हणाले, "ये दस्तगीर. पावण्यागत दारात का हुबा?"

मी शब्द मोडला. सगळं सांगितलं. ती चीत नव्हती, ह्या खेळात चीत नसतेच. चेंडू गोलापासून दोन हातांवर थांबला होता. तुम्ही त्याचा पाय हवेतून उचललात आणि त्या पोराला बोटीत बसवलंत. फाटकाचंही सांगितलं. वस्ताद फावड्यावर रेलून ऐकत राहिले. माझं संपल्यावर ते आखाड्याच्या कडेला बसले.

"ठावं हाय मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"दुसऱ्या दिवशीच कळलं. कॉलेजचं एक पोरगं सांगून गेलं. तसाच उठून तुझ्या दुकानी आलतो, त्याच्या पायावर डोकं ठेवाय. तू पागेत गेलतास. त्यानं मला वरच्या वर धरलं, डोकं टेकू दिलं न्हाय. म्हणाला, तुम्हास्नी कळलंय हे चाचांना सांगू नका."

का, मी विचारलं.

वस्ताद हातावरची माती बोटांनी सोडवत बसले. मग म्हणाले, "म्हणाला, चाचा तुमच्यावर रागावल्यात ते बरं हाय. तुम्हास्नी सोडलं की ते सवताला धरतील. आन् सवताला काय ते सोडायचे न्हाईत."

आपला वर, त्यांचा खाली, झालं. पायरी उतरता उतरता, पागेच्या घाईत. मी तिथेच, त्या दारात उभा होतो, आणि ते वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू आलं. वर्षभर ते मला एकदाही आठवलं नव्हतं. आठवू नये म्हणून एक वस्ताद माझा राग मुकाट झेलत राहिला होता आणि एक पोरगा समुद्रापलीकडे गप्प होता.

वस्ताद उठले. त्यांची कंबर धरली होती हे मला तेव्हा दिसलं. मी त्यांच्या हातातलं फावडं घेतलं आणि आखाड्यात उतरलो. माती गार होती. मी उलथत राहिलो, ते कडेला बसून राहिले.

पठ्ठे विहिरीवरून परतले तेव्हा त्यांतल्या एका नव्याने मला पाहून शेजारच्याला विचारलं, ह्येच का त्या ब्रह्मी पहिलवानाचे चाचा? मग धीर करून तो वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, ती गोऱ्याची कुस्ती सांगा की."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. फावडं टेकवून मीच सांगायला सुरुवात केली. सहा फुटी गोरा, तांबडी दाढी, टाचेवरून डोक्यापलीकडे गेलेला चेंडू, आणि दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले. पठ्ठे आ वासून ऐकत होते. मिरवणूक सांगितली, पेढा सांगितला, फेटा सांगितला. चेंडू कुठे थांबला होता, तेवढं सांगितलं नाही.